गिअरबॉक्सचा आवाज, इंजिनावर आळ: एका जुन्या डिझेल पिकअपचं प्रकरण

गाडी 2008 सालची डिझेल पिकअप. चार सिलिंडर, जुन्या धाटणीचा मेकॅनिकल डिझेल पंप, पाच गिअरचा हाताचा गिअरबॉक्स, ड्राइव्ह मागच्या चाकांना. मालक, अण्णा, स्वतःच चालवतात. हंगामात नारायणगावहून टोमॅटोची क्रेट भरायची, ओतूरवरून माळशेज घाट उतरून कल्याण किंवा वाशी गाठायची आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा घाट चढायचा, हा त्यांचा नेम. आमचं गॅरेज याच पट्ट्यात असल्यामुळे अशा गाड्या रोज दारात असतात.

अण्णांनी गाडी लावली ती निकाल आधीच ठरवून. "मिस्त्री, इंजिन गेलंय म्हणतात. हाफ इंजिन करायचं सांगितलंय. तुम्ही फक्त आकडा सांगा." हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून त्यातले झिजलेले भाग बदलणं. आधीच्या गॅरेजात बोनेट उघडून आवाज ऐकला होता, खाली पडलेले काळे ठिपके पाहिले होते आणि क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) बेअरिंगं खलास, मागचं सील फाटलेलं, असं एका दमात सांगितलं होतं. आवाज आणि गळती या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचा उगम मात्र इंजिनात नव्हता, आणि तो कुठे आहे हे पाना लावायच्या आधीच बरंचसं कळलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. जुन्या पिकअपवर ज्यांचं पोट आहे, त्यांचं इंजिन विनाकारण उघडलं गेलं की आख्खा हंगाम हातचा जातो.

आधी विचारपूस

आवाज कधी येतो, या प्रश्नावर अण्णांचं पहिलं उत्तर होतं, "कायमच येतो." असं उत्तर आलं की तिथे थांबायचं नसतं. थंड गाडीला येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो की चालत्या? चढाला वाढतो की उताराला? क्लच दाबल्यावर बदलतो का? एकेक विचारत गेलो तसं चित्र उलगडलं. उभी गाडी न्यूट्रलला असताना घरघर येते. घाट उतरताना ती जेमतेम जाणवते आणि परत येताना, रिकाम्या गाडीने घाट चढताना, सगळ्यात मोठी होते.

हे रिकाम्या गाडीचं ऐकून मी कान टवकारले. क्रँकच्या बेअरिंगांचा आवाज लोडवर वाढतो. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला सुटताना, शेतातून डांबरीवर चढताना तो धाडधाड ऐकू यायला हवा होता. तिथे तसं काहीच होत नव्हतं.

गळतीचंही विचारलं. घरी सपाट अंगणात रात्रभर गाडी उभी असली तर सकाळी दोन-चार ठिपके. वाशीला माल उतरवेपर्यंत मात्र खाली चांगलं थारोळं. आणि एक गोष्ट अण्णा अगदी शेवटी, जाता जाता बोलले: अलीकडे घाट चढताना जळका वास येतो, इंजिन रेस होतं पण गाडी तेवढी ओढत नाही. म्हणजे क्लच प्लेट सरकत होती, तीही गाडी रिकामी असताना.

माळशेज उतरताना गाडीचं नाक खाली असतं. गिअरबॉक्समधलं तेल पुढे, बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) बाजूला जमा होतं. चढताना तेच तेल मागे सरतं. गळती उताराला वाढते आणि आवाज चढाला वाढतो, ही जोडी एकाच जागेकडे बोट दाखवत होती: गिअरबॉक्सचं पुढचं तोंड. पण तोंडी पुराव्यावर गिअरबॉक्स उतरवत नाहीत. इंजिनावर आरोप झाला होता, तेव्हा आधी इंजिनच नीट तपासायचं ठरवलं.

इंजिनाची तपासणी

सुरुवात ऑइल प्रेशरपासून केली. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबण्यात अर्थ नाही. तो प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. प्रेशर स्विच काढून त्या जागी मीटर बसवला. इंजिन पुरतं गरम असताना आयडलला काटा 1 बारच्या वर, रेस केल्यावर 3 च्या पुढे. मेन आणि बिगएंडची, म्हणजे क्रँकला आणि कनेक्टिंग रॉडला पेलणारी, बेअरिंगं इतकी झिजलेली असती की बाहेर आवाज यावा, तर गरम तेलावर हा काटा असा उभा राहिला नसता.

मग एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. आयडलला नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. बिगएंडचा किंवा नोझलचा ठोका असेल तर तो सिलिंडर बंद होताच आवाज हलका पडतो किंवा बदलतो. चारही सिलिंडरांना इंजिन सारखंच मंदावलं, घरघर मात्र जशीच्या तशी. इथे एक सावधगिरी अगदी बजावून सांगतो. ही युक्ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांची आहे. तिथेही फडकं धरून, हात फवाऱ्यापासून लांब ठेवून करायची. कॉमन रेल गाडीत रेलमधला दाब 1000 बारच्या पुढे जातो. चालू इंजिनावर तो पाइप सैल केला तर डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि अशी दुखापत थेट ऑपरेशनपर्यंत जाते. त्या गाड्यांना स्कॅनर लावूनच सिलिंडर बंद करायचा.

पुढे पंख्याचा पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालवलं, म्हणजे पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर यांची बेअरिंगं बाजूला पडतात. अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. पट्टा काढलेली गाडी जागेवरून हलवायची नाही, ब्रेक दगडासारखा लागतो. घरघर तशीच राहिली.

इंजिनात एक आवाज मात्र खरोखर होता. वरून, हेडच्या बाजूने, हलकी टिकटिक. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या गतीच्या मानाने संथ लागते. कान बसला की ती चटकन वेगळी काढता येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असलं तरी असाच आवाज येतो, पण तो थंड इंजिनाला मोठा असतो आणि लोखंड तापून फुललं की कमी होतो. इथे गरम झाल्यावरही तो तेवढाच. कव्हर काढून फिलर गेज घातला तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट सांगितल्यापेक्षा बरीच जास्त होती. आठही व्हॉल्व्ह सेट केले, टिकटिक गेली. आधीच्या मिस्त्रींनी हीच टिकटिक आणि खालची घरघर एकत्र ऐकून इंजिनाचा निकाल लावला असावा, असं मला वाटतं. दोन आवाज एकमेकांत मिसळले की मोठ्या आजाराचा भास होतो. म्हणून जो सोपा आहे तो आधी बंद करावा, उरलेला मग आपोआप स्पष्ट ऐकू येतो.

क्लचच्या पेडलवरची परीक्षा

आता इंजिन आयडलला, गिअर न्यूट्रलला, पेडल वर. घरघर चालू. पेडल हलकेच दाबत नेलं, फ्री प्ले संपेपर्यंत. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) खराब असतं तर नेमका इथे, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकताच, आवाज सुरू झाला असता किंवा वाढला असता. तसं झालं नाही. पेडल पूर्ण दाबलं. घरघर झटकन तुटली नाही, तर दोन-तीन सेकंद खाली खाली उतरत गेली आणि मग विझली. पेडल सोडताच पुन्हा हजर.

या उतरत जाण्याला फार महत्त्व आहे. क्लच दाबल्यावर इंजिन फिरतच असतं, थांबतो तो गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून ताकद आत आणणारा दांडा) आणि त्याच्यासोबत लेशाफ्ट (त्याच्या दातांवर फिरणारा बाजूचा दांडा). तेही लगेच न थांबता आपल्या जोरावर थोडे फिरून मग थांबतात. आवाज त्यांच्या गतीबरोबर मंदावत गेला, म्हणजे तो त्यांच्याच बेअरिंगांचा. पायलट बेअरिंगचा (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलमध्ये पेलणाऱ्या बेअरिंगचा) आवाज याच्या उलट वागतो. क्लच दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना शाफ्ट थांबलेला आणि फ्लायव्हील फिरतं असतं, तेव्हाच तो येतो.

तरीही एवढ्यावर शिक्का मारता येत नाही. डिझेल इंजिन आयडलला झटके देत फिरतं. क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की ते झटके गिअरबॉक्समध्ये जातात आणि दातांवर दात आपटून खडखड होते. ती खडखडसुद्धा क्लच दाबला की थांबते! चांगले चांगले इथे फसतात आणि धडधाकट गिअरबॉक्स खोलून बसतात. फरक ओळखायचा तो आयडल थोडा वाढवून. 1000 ते 1200 आरपीएमला नेलं की दातांची खडखड बहुधा विरते, बेअरिंगची घरघर मात्र गतीबरोबर चढते आणि तिला सूर येतो. अण्णांच्या गाडीत ती चढली.

इनपुटचं बेअरिंग की लेशाफ्टचं, याचा अंदाज रस्त्यावर घेतला. अशा गिअरबॉक्सात चौथा गिअर थेट असतो. ताकद इनपुटवरून सरळ मेनशाफ्टला, म्हणजे मागे बाहेर जाणाऱ्या दांड्याला, जाते, लेशाफ्ट नुसता बिनओझ्याचा फिरत राहतो. लेशाफ्टची बेअरिंगं बोलत असतील तर तिसऱ्याला आवाज मोठा आणि चौथ्याला बराच लहान होतो. इथे चौथ्यालाही तो दबला नाही. परत आल्यावर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक जागोजागी टेकवलं. ब्लॉकवर पुसट, सम्पजवळ (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीजवळ) पुसट, बेलहाउसिंगच्या मागच्या कडेला, गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडापाशी एकदम ठळक. ओतीव लोखंडातून आवाज लांबवर जातो, त्यामुळे नुसता स्क्रू ड्रायव्हर साक्षीला पुरत नाही. पण पेडल, चौथा गिअर आणि कान तिघेही एकच सांगत असतील तर शंकेला जागा उरत नाही.

काळं तेल कुणाचं

गळती बेलहाउसिंगच्या खालच्या खाचेतून होत होती. तिथे तीन ठिकाणांहून तेल येऊ शकतं: क्रँकच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गिअर ऑइल, किंवा हेडच्या कव्हरमधून ब्लॉकच्या पाठीवरून ओघळलेलं इंजिन ऑइल. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर आत असेल तर चौथं ब्रेक फ्लुइड. या गाडीत तो बाहेर आणि कोरडा होता.

ठिपके काळे, डिझेलचं इंजिन ऑइलही काळं, म्हणून आधी क्रँकच्या सीलवर खापर फुटलं होतं. पण बेलहाउसिंगमधून येणारं कुठलंही तेल क्लच प्लेटची भुकटी सोबत घेऊन येतं. सोनेरी गिअर ऑइलसुद्धा खाली पडेपर्यंत काळंकुट्ट होतं. तेव्हा रंगाला विचारू नये, वासाला विचारावं. गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त मिश्रणं असतात, त्यांचा उग्र दर्प एकदा नाकात बसला की विसरत नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर थेंब घेतला, बोटावर चोळला. जाड, चिकट आणि तोच दर्प.

खालून सगळं धुऊन, वाळवून, ब्लॉकच्या पाठीवर आणि बेलहाउसिंगच्या कडेला टाल्कम पावडर मारली आणि गाडी फिरवून आणली. वरची पावडर कोरडी, ओल फक्त खालच्या खाचेशी. इंजिनाच्या गेजवर तेल जागच्या जागी. मग गाडी सपाटीवर घेऊन गिअरबॉक्सचा भरायचा बोल्ट सैल केला आणि त्याने हलकासा फुस्स आवाज केला. तेल या भोकाच्या कडेला लागायला हवं. आत बोट घालून खाली वाकवलं तरी तेल लागलं नाही. पुढे जे निथळून निघालं ते पुस्तकात दिलेल्या मापाच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं.

त्या फुस्सकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष होतं. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला माथ्यावर एक छोटी टोपी असते, ब्रीदर. ती मोकळी असेल तर आत दाब साठत नाही. वर हात घालून चाचपलं तर टोपीच्या जागी मातीचा वाळलेला गोळा. शेतातला चिखल, रस्त्याची धूळ आणि वरून प्रेशरने मारलेलं पाणी यांचा थर बसून ब्रीदर पार बुजला होता. तापलेल्या हवेला दुसरी वाट नसल्यामुळे ती सीलच्या ओठाखालून तेल ढकलत होती, आणि घाट उतरताना तेलही नेमकं तिथेच जमा होत होतं.

अण्णांना विचारलं, गिअरबॉक्स आधी कधी उतरवला होता का? हो, गेल्या वर्षी, याच गळतीसाठी. क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सचं पुढचं सील दोन्ही बदलली होती, क्लच प्लेटही नवी टाकली होती. दोनेक महिन्यांत ठिपके पुन्हा सुरू झाले. तेव्हा आवाज नव्हता. इथे क्रम जुळला. ब्रीदर आधी बुजला, मग सील पाझरलं, तेल कमी होत गेलं, आणि चढाला उरलंसुरलं तेल मागे गेल्यावर पुढचं बेअरिंग कोरडं फिरू लागलं. झिजलेल्या बेअरिंगमुळे शाफ्ट डगमगू लागला आणि त्याने सीलचा ओठ आणखी खाल्ला. तेच तेल क्लच प्लेटवर उडाल्यामुळे प्लेट सरकत होती आणि जळका वास येत होता.

उघडल्यावर

प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण केली, म्हणजे बसवताना तो होता तसाच बसतो आणि नवीन थरथर मागे लागत नाही. बेलहाउसिंगच्या आत सगळीकडे तेलाचा काळा राडा, क्लच प्लेटची कड ओली. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारे आहेत. मी ते करत नाही. तापली की आतलं तेल परत वर येतं. प्लेट नवी घेतली. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, चिरा नव्हत्या. साफ करून तेच ठेवलं.

पुढचं कव्हर काढून इनपुट शाफ्ट हाताने हलवला तर टोक उघड उघड डुलत होतं. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, वाळवून सावकाश फिरवलं. बोटांना खरखर लागते ती अशी, की पुन्हा कानाने ऐकायची गरज नाही. आतल्या रेसवर एका बाजूला खवले निघाले होते. (धुतलेलं बेअरिंग कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवणारी पोरं दिसली की मी ओरडतो. त्या वेगाला तुकडा उडाला तर डोळा जातो.) ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा असतोच, तो वयाचा. त्यात चमकणाऱ्या बारीक कपच्याही होत्या, त्या याच बेअरिंगच्या. तेलात पितळेची किंचित झाक दिसली म्हणून सिंक्रोनायझर रिंगांची (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगांची) फट गेजने मोजली. मर्यादेत होती, त्या तशाच ठेवल्या. लेशाफ्टची बेअरिंगं आवाज करत नव्हती, तरी कोरड्यात तीही फिरली होतीच. बॉक्स उघडाच आहे म्हटल्यावर तीही बदलली.

नवं बेअरिंग आणायला जाताना जुन्यावरचा पूर्ण नंबर लिहून न्यावा. इथे मूळ नंबर 6306. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, 30 मिलिमीटर. पण मागची अक्षरंही तितकीच कामाची. एनआर म्हणजे बाहेरच्या रिंगवर खाच आणि सर्कलिप, सी 3 म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. गिअरबॉक्स तापतो, रिंगा फुलतात, ती मोकळीक तिथे लागते. दुकानदाराने आधी साधं 6306 पुढे केलं होतं, "तेच आहे, मापात बसतं" म्हणून. बसलं असतं, आणि गरम झाल्यावर आवळलं असतं.

इनपुट शाफ्टवर सील घासतं त्या जागी नखाला खाच लागत होती. नव्या सीलचा ओठ त्याच खाचेत पडला तर ते जुन्यासारखंच गळणार. म्हणून कव्हरमध्ये सील दोन मिलिमीटर आत बसवलं, तेल परत जायचं भोक झाकलं जात नाही हे पाहून. शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टी गुंडाळली, ओठाला ग्रीस लावलं आणि मगच कव्हर सरकवलं. दातांची धार नव्या सीलला चिरते, आणि मग बिचारं सील निकृष्ट म्हणून बदनाम होतं.

ब्रीदर सोडवून, धुऊन, फुंकून पाहिला. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच तेल भरलं. आपल्याकडे गिअरबॉक्स असो वा मागचं डिफरेन्शियल, एकाच डब्यातलं नव्वद नंबर ओतायची रीत आहे. डिफरेन्शियलसाठी असलेल्या जीएल-5 तेलातली काही मिश्रणं सिंक्रोनायझरच्या पितळेला मानवत नाहीत, म्हणून पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर तेच टाकावं.

गाडी सुरू केली तेव्हा अण्णा बोनेटकडे कान देऊन उभे होते. पेडल वर, न्यूट्रल, घरघर नाही. त्यांनी स्वतः आत बसून दोन वेळा क्लच दाबून सोडून पाहिला. एकूण बिल इंजिनाच्या कामाच्या अंदाजाच्या निम्म्याच्याही खाली आलं, आणि त्यातला मोठा भाग क्लच प्लेट आणि बेअरिंगांचा होता.

दोन खेपांनंतर गाडी पुन्हा पाहिली. बेलहाउसिंगची खाच कोरडी, भरायच्या बोल्टपाशी तेल कडेला, क्लच सरकत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, प्रोपेलर शाफ्ट आत जातो तिथे, हलकी ओल आहे. थेंब पडत नाही, पण योक (शाफ्टचं आत जाणारं तोंड) हाताने हलवला की किंचित खेळतो. तिथलं नुसतं सील बदलून उपयोग नाही, बुशही बदलावा लागेल. शाफ्टच्या सांध्यांचे क्रॉसही लवकरच बदलायला येणार आहेत, तेव्हा ते काम एकदमच करायचं ठरलं आहे. तोवर दर पंधरवड्याला तेलाची पातळी बघायची आणि गाडी धुताना प्रेशरचं पाणी गिअरबॉक्सच्या माथ्यावर मारू द्यायचं नाही, एवढं अण्णांना सांगितलं आहे.